रबाबाची जागा

तेस्तूर,
शुक्रवार, ४ एप्रिल २००८

चि. बेया हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या झुहैरने स्फाक्सहून पाठवलेलं पार्सल मंगळवारी पोचलं. पोस्टमन म्हणाला की एवढं जड काय आहे, बहिणीने समुद्र पाठवला की काय. तेलाचा डबा सांडला नाही. फोन करायचं मनात होतं, पण फोनवर मी नुसता हो हो म्हणतो आणि ठेवल्यावर बोलायचं आठवतं. तेव्हा कागदच बरा.

इकडे डाळिंबांना तांबडी पालवी फुटली आहे. नदीवर सकाळी धुकं असतं आणि दुपारी सगळं गाव डोळे मिटून पडल्यासारखं दिसतं. माझा गुडघा तसाच आहे. जुन्या भट्टीतली उरलेली कौलं कुणी नेत नाही, त्यांची काळजी वाटते. पाऊस आत शिरला तर काय करायचं?

आता मुख्य गोष्ट. झुहैरने तबकडी वाजवायचं यंत्र नवं पाठवलं, पण त्याला जोडायचा रिसीव्हर मी कॉफीवाल्या बशीरकडून घेतला. फुटबॉलचे सामने दाखवायला त्याने आता मोठा आणला आहे, म्हणून जुना मला दिला. आवाजाची खोकी चार. झुहैरने कागदावर काढून दिलं होतं तसं बशीरने येऊन मांडलं. दोन खोकी समोर, दोन पाठीमागे, मधे माझी खुर्ची. भिंतीला टेकून न बसता असं खोलीच्या मधोमध बसायला मला लाज वाटली. न्हाव्याकडे आल्यासारखं वाटलं.

मग तबकडी लावली. बेया, काय सांगू! झुहैरने डिसेंबरात नोंदवलेलं ते दर्ग्याचं अंगण खोलीत उतरलं. शेख महजूब तान घेण्याआधी नाकाने श्वास ओढतात ना, तोसुद्धा ऐकू आला. समोर उजव्या हाताला शेख, डाव्या हाताला व्हायोलिनवाले, डफवाला, मागून म्हणणारे सगळे. मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. आपला भाऊ ताहर कुठेच नाही. त्याचा रबाब नाही. मी पाठीमागच्या खोक्यांना कान लावून पाहिला, रिकाम्या पेटीला लावावा तसा. बशीर म्हणतो की ती मागची खोकी नुसती सिनेमात बंदुका सुटल्या की वाजतात, मालूफ गाण्यात बंदुका कुठून येणार.

मला वाटतं माझे कान गेले. रबाबाचा आवाज मुळात दबका, आणि मी आयुष्यभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलो. पुढच्या आठवड्यात बेजाला कानाच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. झुहैरला यातलं काही सांगू नकोस, पोराला वाईट वाटेल. काल दुपारी डोळा लागला तर स्वप्न पडलं. सगळे गोल करून बसले होते, मशिदीच्या मनोऱ्यावरचं उलट्या आकड्यांचं बंद घड्याळ चालू झालं होतं, आणि लिंबाच्या झाडाखालची एकच गादी मोकळी होती.

नूरीरावांना सलाम. माझी आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
खमैस


स्फाक्स,
शनिवार, १२ एप्रिल २००८

ती. खमैसदादास,
धाकट्या बेयाचा सा. सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. तुझे कान गेले यावर माझा विश्वास नाही. लहानपणी मी स्वयंपाकघरात खजुराच्या डब्याचं झाकण उघडलं तर तुला भट्टीवर ऐकू जायचं. तरीपण डॉक्टरांकडे जाऊन ये, म्हणजे काळजी करायला नवं काहीतरी शोधशील.

झुहैरला सांगू नकोस म्हणालास, म्हणून सांगितलं नाही. तो रोज रेडिओच्या कामावरून येतो आणि मामांचं पत्र आलं का विचारतो. मी म्हणते, आलं, डाळिंबांना पालवी फुटली आहे.

एक तबकडी त्याने मलाही दिली आहे. मी ऐकलेली नाही. त्याने तुमच्या मंडळाचं गाणं नोंदवायला तिकडे जायचं ठरवलं तेव्हाही मी त्याला जा म्हणाले नव्हते आणि नको म्हणाले नव्हते. तुला ठाऊक आहे सगळं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या पोरीच्या लग्नात, व्याह्यांच्या देखत, ताहर ताटावरून उठला. का, तर ह्यांनी विजेचा पियानो वाजवला. प्लास्टिकच्या बकरीचं ओरडणं ऐकत मी कुसकुस गिळणार नाही, असं म्हणाला. मी म्हटलं की मग तुझा तो गज आणि दोन तारा घेऊन माझ्या उंबऱ्यात पुन्हा येऊ नकोस. तो आला नाही. सांगितलेलं ऐकणारा माणूस नव्हता, पण हे बरोबर ऐकलं.

फेब्रुवारीत तो गेल्याचा तुझा निरोप आला तेव्हा मी पहिली गाडी धरली. तोवर उतरत्या दुपारची अस्रची नमाज होऊन तुम्ही त्याला कबरीत ठेवूनही आला होतात. तेव्हा त्याचा रबाब ऐकू येतो की नाही, हे मला विचारू नकोस. मला तर तेव्हापासून काहीच ऐकू येत नाही.

मासे सुकत घातले आहेत, झाले की पाठवते. गुडघ्याला तेल लाव, खाऊन संपवू नकोस. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी,
बेया


तेस्तूर,
सोमवार, २१ एप्रिल २००८

बेयास,
आशीर्वाद.

डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं, टिकटिक ऐकवली, आणि म्हणाले की वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. बाहेर आलो आणि बसस्टँडवर बसून राहिलो. कान उत्तम आहेत हे ऐकून माणसाला इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

म्हणजे मी बरोबर ऐकतो आहे. म्हणजे ताहर तबकडीत नाहीच.

त्या दिवशी तो वाजवत होता. मी दाराशी स्टुलावर बसून त्याचा गज जाताना आणि येताना पाहिला आहे. हात कापायला लागल्यापासून मी नगारे सोडले, पण डोळे सोडलेले नाहीत. मग तो आवाज गेला कुठे? बशीर म्हणाला की हल्ली कॉम्प्युटरात कात्री असते, लग्नाच्या फोटोतून नको असलेला जावई कापतात तसा नको असलेला आवाजही कापता येतो. कॉफीच्या दुकानात सगळे हसले. मी हसलो नाही. मला तुझं पत्र आठवलं.

मी कमी शिकलेला माणूस. तीन इयत्ता झाल्या, मग माती तुडवायला लागलो. मला गोड करून लिहिता येत नाही. आपल्या मंडळात एकदा बसलेल्याची जागा मरेपर्यंत बदलत नाही, हे तुला ठाऊक आहे. फक्त एकालाच काढलं होतं, दारू पिऊन दर्ग्यात आला म्हणून, आणि तेव्हा त्याची गादी उलटी करून ठेवली होती. आपण तिघं दारातून बघत होतो, तू ताहरचा सदरा घट्ट धरला होतास. बेया, तू तुझ्या मुलाच्या हातून ताहरची गादी उलटी केलीस का? मेलेल्या माणसाशी असं करतात का?

पार्सल बांधून ठेवलं आहे. गुरुवारी पोस्टात टाकतो. तबकडी, यंत्र, सगळं. मला अर्धं अंगण नको.

खमैस


स्फाक्स,
शनिवार, २६ एप्रिल २००८

ती. दादास,
सा. सलाम.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग बसले.

मी माझं दार बंद केलं होतं. त्याचा आवाज नव्हता बंद केला. अकरा वर्षं दर रमजानात रेडिओवर तुमचं मंडळ लागलं की मी ह्यांना बाहेर पाव आणायला पाठवायची आणि एकटी ऐकायची. घरात पाव वाळून जायचे. नूरींना वाटायचं मी विसरभोळी झाले आहे.

झुहैरला आता सगळं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला की मामा कुठल्या तारेने ऐकतात हे मी विचारलंच नाही. मला त्यातलं कळत नाही. तो स्वतः लिहिणार आहे.

पार्सल पाठवायचं तर पाठव. पण ते माझ्या दारात आलं, की मी समजेन, मला भाऊ उरला नाही. एक मातीने नेला, एक पोस्टाने.

बेया


स्फाक्स,
सोमवार, २८ एप्रिल २००८

ती. खमैसमामांस,
झुहैरचा शि. सा. सलाम. वि. वि.

मामा, हे पत्र वाचून होईपर्यंत पार्सल पोस्टात टाकू नका. टाकलं असेल तर पोस्टमास्तरांच्या पाया पडा.

ताहरमामा तबकडीत आहेत. अख्खे आहेत. पण ते तुमच्या पाठीमागे आहेत आणि दाराबाहेर उभे आहेत. कसं ते सांगतो.

ही तबकडी नेहमीच्या सीडीसारखी नाही. हिच्यात आवाज जास्त बारीक आणि भरलेला मावतो, आणि चार जागांचे आवाज चार वेगवेगळे ठेवलेले असतात. त्या दिवशी मी माइक अंगणाच्या मधोमध लावले होते, आठवतं ना? तुम्ही रागावला होतात, की बसायच्या जागेत काठ्या काय रोवल्या. पुढचे दोन माइक शेख आणि व्हायोलिनवाल्यांकडे, मागचा डावा लिंबाच्या झाडाखाली रबाबाकडे, मागचा उजवा दाराकडे. म्हणजे तुमच्याकडे.

आता बशीरचाचांनी यंत्र आणि रिसीव्हर एकाच तारेने जोडले असणार. टोकाशी तांबडा उजेड दिसतो ती, काचेच्या धाग्याची. फुटबॉलला ती पुरते. पण या तबकडीसाठी त्या तारेचं दार अरुंद आहे, एका वेळी दोघंच आत जातात. पुढचे दोन गेले, मागचे दोन बाहेर राहिले. मागच्यांचा आवाज पुढच्यांत कालवून पाठवायची सोय यंत्रात असते, पण तबकडी बनवताना तसं करायला मी बंदी घातली. तशी खूण करून ठेवता येते. कारण डिसेंबरात ताहरमामांनी मला बजावलं होतं, की बाबा रे, तुझ्या यंत्रात काय करायचं ते कर, पण मंडळात जागा बदलत नसते. मी त्यांचं ऐकलं. पण माझ्या खोलीतल्या यंत्रांवर चाललं म्हणजे तेस्तूरलाही चालेल असं धरून बसलो, ही चूक माझी. आईची काही नाही, मामा. तिने तबकडीला हातही लावलेला नाही.

रिसीव्हरच्या पाठीमागे एक रुंद, चपटी तार घालायची खाच असेल. तिच्या नादी लागू नका. बशीरचाचांचा रिसीव्हर ज्या काळातला आहे त्या काळात ती खाच नुसतं चित्र पुढे पाठवायची, आवाज घ्यायची नाही. यासोबत चार साध्या तारा पाठवत आहे. यंत्राच्या मागून रिसीव्हरच्या मागे, चार भोकांतून चार भोकांत. कागदावर चित्र काढलं आहे. मग पुढचं तिसरं बटण दाबायचं, म्हणजे रिसीव्हर स्वतःची अक्कल न लावता जे येतं ते जसंच्या तसं ऐकवतो.

आणि एक. तबकडी लागली की उठू नका. तिसऱ्या गाण्यानंतर थोडा वेळ काही वाजत नाही, तेव्हाही उठू नका.

राग माझ्यावर काढा, पण पुरता काढून मोकळे व्हा.

आपला भाचा,
झुहैर


तेस्तूर,
शनिवार, १० मे २००८

चि. बेया हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

त्यानंतर तुझं पत्र नाही, आणि मी मागूही शकत नाही. तरी लिहितो. पार्सल बांधलेलं होतं पण गुरुवारी पोस्ट लवकर बंद झालं. माझ्या आयुष्यात पोस्टाने केलेलं हे पहिलं चांगलं काम.

झुहैरच्या चार तारा आल्या. बशीरला बोलावलं नाही, त्याच्या कात्रीचा मला अजून राग आहे. मी स्वतः केलं. चित्रातले रंग माझ्या डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून मी प्रत्येक तारेला लोकरीचा धागा बांधला. शेखना तांबडा, व्हायोलिनला पांढरा, ताहरला तपकिरी, आणि मला, म्हणजे दाराला, काळा. मग कपाटामागे डोकं घालून, गुडघ्याखाली उशी घेऊन, अंधारात चाचपून खोचल्या. विजेचा धक्का बसेल म्हणून कलमा म्हणून घेतला. तिसरं बटण दाबलं आणि धावत नाही तरी चालत येऊन खुर्चीत बसलो.

बेया, आधी पाठीमागून कुणीतरी खोकलं. मी दचकून वळलो. कुणी नव्हतं. मग ओळखला, माझाच खोकला होता, डिसेंबरातला. त्यानंतर पंख फडफडले, कबुतरं लिंबावरून उठली. आणि मग तो आला. गजाचा तो पहिला ओढा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, आधी कुरकुरतो आणि मग मऊ होतो. अंगावर काटा आला. खोलीत दुपारचं ऊन आलेलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मला वाटलं की धूळसुद्धा त्या गजाबरोबर सरकते आहे.

पण तो भलतीकडून आला. पुढून, उजवीकडून. शेख महजूबांच्या जागेवरून! आणि शेख माझ्या पाठीमागे, डावीकडे. तांबडा आणि तपकिरी धागा अंधारात सारखाच लागतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तू तिकडे गेल्यानंतरची गोष्ट, तुला माहीत नसेल. मंडळाचे जुने शेख वारले तेव्हा ताहरला वाटत होतं की गादी आपल्याला मिळणार. महजूबांना मिळाली. वीस वर्षं तो समोर बसून त्या गादीकडे बघत वाजवत होता. आणि आता माझ्या आंधळेपणाने जाऊन बसला एकदाचा. मी हसलो. खुर्चीत एकटा बसून हसलो, मग रडलो, आणि तारा तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शेखना बोलावलं. ऐंशीच्या पुढे गेले आहेत, काठी घेऊन आले. खुर्चीत बसले आणि स्वतःचा आवाज पाठीमागून ऐकून गोरेमोरे झाले. म्हणाले की खमैस, मी चपलांपाशी काय करतोय? मी खरं सांगितलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि पुढच्या उजव्या खोक्याकडे कान केला. मग म्हणाले की इथून तो बरा वाजतो, आधी कळलं असतं तर कधीतरी बसू दिला असता. आणि जाताना म्हणाले, आठवडाभर राहू दे त्याला तिथे, मग मात्र माझी जागा मला परत दे.

मी तुला जे लिहिलं त्याची शाई वाळली, आता पुसता येणार नाही. कौल भट्टीत वाकडं झालं की मी ते फेकत नसे, घराच्या मागच्या बाजूला लावायचो. ते पत्र तसंच कुठेतरी मागे लाव. अगदी फोडू नकोस.

वाट पाहणारा,
खमैस


तेस्तूर,
रविवार, १८ मे २००८

चि. बेया हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

सुकवलेले मासे पोचले. आत चिठ्ठी नव्हती, पण मासे माझ्या आवडीचेच निवडलेले होते, ते मी चिठ्ठीसारखे वाचले.

आठवडा संपला म्हणून काल तारा बदलल्या. या वेळी धाग्यांना गाठी मारल्या, शेखना एक, ताहरला दोन, म्हणजे बोटांना कळतं. सगळे आपापल्या जागी बसले. ताहर लिंबाखाली, माझ्या डाव्या खांद्यामागे. पहिली तीन गाणी ऐकली. मग वाजणं थांबलं. झुहैरने लिहिलं होतं म्हणून उठलो नाही. चहाचे पेले खणखणले. कुणीतरी घसा साफ केला.

आणि मग ताहर बोलला.

गाण्यात नाही. आपलं बोलायचा तसं, पुटपुटून, शेजारच्याशी. आठवडाभर तो पुढच्या खोक्यातून बोलत असणार, पण मी अर्ध्या खोलीपलीकडे, आणि शेखचा खोकला माझ्या कानाशी. आता ते खोकं माझ्या खांद्याशी आहे आणि शब्द न् शब्द लागतो.

काय बोलला ते मी लिहिणार नाही. दोनदा लिहून कागद फाडला. माझ्या अक्षरात ते बरं दिसत नाही. मी बशीरला ऐकवलं नाही, शेखनाही नाही. ते तुझं आहे. तू ये. झुहैर तेव्हा आतल्या खोलीत कानांना यंत्र लावून बसला होता, म्हणजे पोराला डिसेंबरापासून माहीत आहे. आता कळलं त्याने ती बंदी कशासाठी घातली. कालवून पुढे पाठवलं असतं तर ते शब्द शेखच्या खोकल्यात बुडाले असते.

खुर्ची मधेच ठेवली आहे. तुला बुटकी पडेल म्हणून खाली दोन कौलं घातली आहेत. डगमगत नाही, मी बसून पाहिलं. गाडीत खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो.

येशील ना? उंबरा माझा आहे, इथे कुणी कुणाला यायचं नाही म्हटलेलं नाही.

तुझा दादा,
खमैस


स्फाक्स,
शनिवार, ७ जून २००८

ती. खमैसदादास,
बेयाचा सा. सलाम. वि. वि.

काल सुखरूप पोचले. तू दिलेलं मेंढीच्या दुधाचं चीज गाडीत उन्हाने घामेजलं, पण चव गेली नाही. तिथे चार दिवसांत मी तुझ्याशी धड बोलले नाही, तू रागावला नसशील. दर दुपारी मी त्या खुर्चीत बसायची आणि तू बाहेर ओट्यावर जाऊन बसायचास, जणू आत बाळंतीण आहे. तुझी सावली दाराखालून दिसत होती, येरझारा घालणारी.

मला ते लिहून ठेवायचं आहे, म्हणून लिहिते. तू लिहू शकला नाहीस, माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे.

तिसऱ्या गाण्यानंतर तो म्हणाला की अरे, बेयाच्या पोराला चहा दिला का कुणी? चिलगोजे घालू नका वर, तो आईवर गेलाय, त्याला आवडायचे नाहीत. ती चहावरचे चिलगोजे एकेक काढून बशीत ओळीने लावायची आणि बशी माझ्याकडे सरकवायची. मला वाटायचं हिला किती माया. मग कळलं की हिला चिलगोजे आवडतच नाहीत. एवढं म्हणून तो हसला. आठवतंय तुला तसंच, नाकातून. मग थांबला आणि म्हणाला की तिला म्हणावं. इतकंच, तिला म्हणावं. पुढे तार पिळल्याचा आवाज आला. मग नको, राहू दे, असं म्हणाला. मग शेख खोकले आणि चौथं गाणं सुरू झालं.

तिला काय म्हणावं, ते मी आता कुणाला विचारू, दादा? चारही दिवस ऐकलं, आणि दर वेळी वाटलं की आज तो वाक्य पुरं करेल. पण निघाले त्या दिवशी मला कळलं, की म्हणायचं होतं एवढं मला पुरतं. उरलेलं मी ओळखते. मलाही तेच म्हणायचं होतं.

एक गोष्ट तुला सांगते, हसू नकोस. आवाज इतका माझ्या खांद्याशी होता, की त्याच्या सदऱ्याचा वास येईल असं वाटलं. पण मी मागे वळले नाही. एकदाही नाही. वळले असते तर खोकं दिसलं असतं.

नूरींना मी सगळं सांगितलं. पाव कशाला आणायला पाठवायची तेही. हातातला पाव खाली ठेवून ते म्हणाले की खरं सांगू का, त्या रात्री तो पियानो बेसूरच होता.

आता तुमच्या अंगणातला उन्हाळा मला इथेही लागतो. मला परत बोलवत राहा.

तुझी,
बेया


तेस्तूर,
शुक्रवार, १३ जून २००८

चि. बेया हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. नूरीरावांना माझा खास सलाम सांग, आणि म्हणावं की हे ताहरला ऐकवायला हवं होतं.

डाळिंबं लागली आहेत, अजून सुपारीएवढी. उन्हाने खोलीतला रिसीव्हर तापतो, त्याच्यावर ओलं फडकं ठेवू की नको ते झुहैरला विचारून कळव. बशीर म्हणतो ठेव, म्हणून मी ठेवलेलं नाही.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. तू गेल्यावर मी केर काढायला आत गेलो, तर पाठीमागच्या डाव्या खोक्यासमोर, जमिनीवर, चहाची बशी. तिच्यात सात चिलगोजे, ओळीने. तू मला काही सांगितलं नाहीस. मी उचलायला वाकलो आणि उचलली नाही. आता मला कळत नाही की काय करावं. परवा मुंग्या लागल्या. मुंग्या तारांमधे शिरल्या तर यंत्र बिघडेल, आणि बशी हलवावी तर मन होत नाही, कारण कुणाची जागा बदलायची नाही. शेवटी मी पाण्याची थाळी आणून बशी तिच्यात मधोमध ठेवली. पाणी रोज सकाळी बदलतो. सात होते ते सातच आहेत, मी मोजले.

तू कधी येतेस ते कळव. पाणी किती दिवस बदलायचं त्याचा अंदाज हवा.

इकडचा जीव तिकडे आहे, तो सांभाळ.

तुझा दादा,
खमैस